आपल्या घरांतील प्रार्थना : तिचा इतिहास



ज्युबिलीच्या निमित्तानें धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे लेखकाचा हात प्रथम नोंदवह्यांकडे जातो, हें स्वाभाविकच आहे. बाप्तिस्म्याची वही आहे, विवाहाची आहे, मृत्यूची आहे. मंदिराचा पाया केव्हां घातला, घंटा केव्हां चढविली, कोणत्या धर्मगुरूंनीं येथें किती वर्षें सेवा केली, हें सर्व जुन्या कागदपत्रांत सांपडतें. आणि तें लिहिण्याचें काम आमच्याहून अधिक माहीतगार माणसांचें आहे. परंतु त्या वह्या चाळीत असतांना एक विचार आमच्या मनांत पुनः पुनः येई. ज्या श्रद्धेनें मातापित्यांनीं लेंकराला बाप्तिस्म्याच्या कुंडापाशीं आणिलें, ती श्रद्धा त्या लेंकराच्या ठायीं पुढें वीस वर्षें कोणीं जतन केली? आठवड्याच्या १६८ तासांपैकीं रविवारचा एक तास मंदिराचा. बाकीचे १६७ तास घराचे, शेताचे, कारखान्याचे व शाळेचे. त्या तासांची वही कोणींच ठेविली नाहीं. म्हणून घरांतील प्रार्थनेचा इतिहास या लहानशा लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय निवडण्यास दुसरेंही एक कारण घडलें, तें प्रांजळपणें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं घरभेटी घेत असतां आम्ही एका कुटुंबांत गेलों. घरधनी औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत कामास, दोन मुलें शाळेंत, सासू अंथरुणाला खिळलेली. 'घरांत रोज रोजरी होते ना?' असें आम्हीं नेहमींप्रमाणें विचारलें. ती माउली खालीं पाहून म्हणाली, "फादर, ह्यांची पाळी दर आठवड्याला बदलतीया. समद्यांनी मिळून गुडघं टेकायचं म्हटलं तर रविवारच गावतोय." आम्हीं तिला उपदेश केला. पांचही रहस्यें, सर्व कुटुंबानें मिळून, रोज एकाच वेळीं, दिव्यापुढें गुडघे टेकून म्हटलींच पाहिजेत, असें सांगितलें. तिनें मान डोलाविली. त्यानंतर मिस्सा संपल्यावर ती आमच्याशीं बोलण्यास थांबेनाशी झाली.

पुढें एके दिवशीं सांजेच्या वेळीं त्या आजारी सासूकरितां पवित्र तेल घेऊन आम्ही अवचित गेलों. दार उघडेंच होतें. ती बाई चुलीपाशीं भाकऱ्या थापीत होती व 'नमो मरिया' चा पूर्वार्ध म्हणत होती. मोठी मुलगी वहींत गणितें सोडवीत होती, धाकटा दाराशीं बसला होता, आणि दोघेंही उत्तरार्ध म्हणत होतीं. आंतल्या खोलींतून म्हातारीचाही आवाज येत होता. आम्हांला पाहतांच ती दचकून उभी राहिली व पिठाचे हात पदराला पुशीत म्हणाली, "चुकलं फादर, पर भाकरी करपत्यात म्हणून असंच म्हणतोय आम्ही."

त्या वेळीं आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. तेल लावून, आशीर्वाद देऊन आम्ही परत आलों. चूक कोणाची, तिची कीं आमची, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं आम्हीं ख्रिस्तसभेच्या इतिहासाचीं पानें पुनः उलटलीं. त्यांत जें आढळलें तें येथें देतों.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचा परिपाठ

प्रेषितांच्या पाठोपाठच्या काळांतील 'दिदाखे', म्हणजे 'बारा प्रेषितांची शिकवण', या नांवाचें एक छोटें पुस्तक आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तें लिहिलें गेलें, असें पुष्कळ विद्वान मानतात. त्यांत प्रभूनें शिकविलेली प्रार्थना दिली आहे, आणि ती दिवसांतून तीन वेळां म्हणावी एवढीच आज्ञा केली आहे. कोठें म्हणावी, किती जणांनीं म्हणावी, याचा कांहींच नियम तेथें नाहीं. त्या काळचे ख्रिस्ती लोक बहुतेक कोण होते? कारागीर, व्यापारी, कोळी, दुसऱ्याच्या घरीं राबणारे दास. ज्यांना स्वतःच्या दिवसावरही स्वतःची सत्ता नव्हती, त्यांना ख्रिस्तसभेनें तीन लहान क्षण मागितले, व ते मात्र नेमानें मागितले.

पुढें मठवासी साधु झाले. सहाव्या शतकांतील संत बेनेडिक्ट यांच्या नियमाप्रमाणें १५० स्तोत्रें आठवड्याभरांत गाण्याची मठांत चाल पडली. परंतु मठांत शेत नांगरणारे, स्वयंपाक करणारे बंधु असत, ज्यांना लॅटिन वाचतां येत नसे. मठाबाहेर तर सारीं गांवेंच्या गांवें अशा लोकांचीं होतीं. त्यांनीं काय करावें? त्यांनीं स्तोत्रांऐवजीं 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना, व पुढें 'नमो मरिया' ही, १५० वेळां म्हणावी, व मोजण्यासाठीं गांठींची दोरी अथवा मण्यांची माळ हातीं धरावी, अशी रीत हळूहळू रूढ झाली. यांतूनच कित्येक शतकांच्या ओघांत आपली रोजरी घडली. संत पांचवे पायस यांनीं १५६९ सालीं आपल्या आज्ञापत्रानें तिच्या रूपाला मान्यता दिली. पुढें २००२ च्या ऑक्टोबर महिन्यांत संत दुसरे जॉन पॉल यांनीं प्रकाशाचीं पांच रहस्यें तींत सुचविलीं. म्हणजे ज्यांना पुस्तकाची विद्या नव्हती व पुस्तक उघडून बसण्यास सवडही नव्हती, अशा कष्टकऱ्यांची स्तोत्रसंहिता म्हणून रोजरी जन्मास आली. कामाचें ओझें असलेल्या माणसासाठींच जी साधना निर्माण झाली, ती आज त्यालाच ओझें वाटावी, हें नवल नव्हे काय?

देवदूताच्या निरोपाची प्रार्थना, जिला आपण 'आंजेलुस' म्हणतों, तिचीही कथा अशीच आहे. सायंकाळच्या घंटेबरोबर तीन 'नमो मरिया' म्हणण्याची चाल चौदाव्या शतकांत पसरली होती. १४५६ सालीं पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनीं तुर्कांच्या स्वारीच्या संकटांत दुपारच्या घंटेची व तिच्याबरोबर प्रार्थनेची आज्ञा दिली. सकाळ, दुपार, सांज अशा तीन घंटा शेतांतल्या माणसाला ऐकूं येत. त्यासाठीं त्याला शेत सोडून मंदिरांत जावें लागत नसे. फ्रान्सचा चित्रकार मिले यानें १८५७ ते १८५९ या वर्षांत रंगविलेलें 'आंजेलुस' हें चित्र, निदान त्याची छापील प्रत, आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. बटाट्याच्या शेतांत एक पुरुष व एक स्त्री मान लववून उभीं आहेत. पायांपाशीं टोपली आहे, जवळच मातींत शेतीचें अवजार रोवलेलें आहे. तीं दोघें उभीं आहेत, हें आम्हीं पूर्वीं कधीं लक्षपूर्वक पाहिलेंच नव्हतें.

आपल्या भूमींत

आतां आपल्या देशाकडे वळूं. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु थॉमस स्टीफन्स हे १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यांत गोव्यास पोहोंचले व मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, साष्टी प्रांतांतच बहुतेक काळ राबले. त्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ रोमन लिपींत छापलेला असला तरी त्याची भाषा मराठी आहे. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांनीं जुन्या पुराणांच्या जागीं आम्हांला आमच्या भाषेंत कांहीं द्या अशी मागणी केली, व त्या मागणीपोटीं आपण हें लिहिलें, असें ग्रंथाच्या आरंभींच सांगितलें आहे. लोकांचे कान ज्या छंदाला सरावले होते, तोच छंद पाद्रीबाबांनीं उचलला. रविवारीं व सणाच्या दिवशीं मंदिरांत या पुराणाचें वाचन होत असे. घरीं परततांना त्यांतील कथा कोणाच्या कानांत राहिल्या नसतील? त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं कोंकणी भाषेंतील त्यांची 'ख्रिस्ती शिकवण' प्रसिद्ध झाली, तीही प्रश्नोत्तररूपानें. एकानें विचारावें, दुसऱ्यानें उत्तर द्यावें. ही पद्धति शाळेइतकीच घरालाही सोयीची आहे, हें ज्यांनीं पोरांकडून धर्मशिक्षणाचीं उत्तरें घोकून घेतलीं आहेत त्यांना सांगावयास नको.

१६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांनीं हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज भाषा बोलावी. दप्तरांत तो हुकूम राहिला. घरांत चुलीपाशीं मात्र कोंकणी बोलणें चालूच राहिलें, व आजही चालू आहे. सांजेच्या घंटेला आंजेलुस, मग 'तेर्स', म्हणजे रोजरी. ती संपली कीं लहानांनीं वडिलांपुढें हात जोडून 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, मागावयाचा, अशी त्या घरांची रीत. आजरा, गडहिंग्लज, चंदगड व सावंतवाडी या बाजूंस ज्यांचीं मूळ घरें आहेत अशा आपल्या कुटुंबांतील वडील मंडळींना ही रीत सांगावी लागत नाहीं. मुंबईस धोबीतलावाच्या परिसरांत गोव्याच्या खलाशांचे व नोकरीच्या शोधांत आलेल्या तरुणांचे 'कूड' असत. तेथें एकेका दालनांत कित्येक माणसें पेट्या मांडून राहात. अशा ठिकाणींही संध्याकाळीं सर्वांनीं मिळून तेर्स म्हणण्याचा नियम असे. आई तेथें नव्हती, आणि आज हजर असलेला खलाशी उद्यां जहाजावर चढलेला असे. परंतु वेळ ठरलेली होती व वेदी भिंतीला होती. जो हजर असेल तो म्हणे.

वसईची कथा याहून गंभीर आहे. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई सर केली. पोर्तुगीजांची सत्ता गेली, व तिच्याबरोबर धर्मसंघांचे मोठमोठे मठही ओस पडले. मागें जो शेतकरी व मच्छीमार ख्रिस्ती समाज राहिला, त्याला आतां राजाश्रय नव्हता. थोड्या एतद्देशीय धर्मगुरूंचाच आधार काय तो होता. तरीही त्या समाजाची श्रद्धा टिकली, व आज महाराष्ट्रांतील मराठी ख्रिस्ती जीवनाचें वसई हें एक मोठें ठाणें आहे. श्रद्धा केवळ इमारतींवर अवलंबून असती, तर हें घडलें नसतें.

याच मासल्याचें एक परदेशचें उदाहरण देण्याचा मोह आवरत नाहीं. जपानांत १६१४ सालीं ख्रिस्ती धर्मावर सर्व देशभर बंदी आली. पुढें धर्मगुरु उरले नाहींत, मंदिरें उरलीं नाहींत. १८६५ सालीं नागासाकी येथें फ्रेंच धर्मगुरु पेतिझां यांच्या नव्या मंदिरांत कांहीं शेतकरी मंडळी आली, व आमचें अंतःकरण आपल्यासारखेंच आहे असें सांगून तिनें पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे म्हणून विचारिलें. सुमारें अडीचशें वर्षें त्या लोकांनीं घरांतल्या घरांत बाप्तिस्मा दिला, प्रार्थना म्हटल्या, सणांचे दिवस मोजले. प्रार्थनांतील शब्द कांहीं ठिकाणीं झिजले होते, पण श्रद्धेचा धागा तुटला नव्हता.

सकाळचें समर्पण व 'निरोप्या'

मराठी मुलखांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नगर जिल्ह्याच्या बाजूस येशूसंघीय धर्मगुरूंनीं खेडोपाडीं काम आरंभिलें. तेथील नवे ख्रिस्ती लोक बहुतेक दरिद्री, दिवसभर दुसऱ्याच्या रानांत राबणारे. गांवोगांव रोज धर्मगुरु पोहोंचणें शक्यच नव्हतें. तेव्हां धर्मशिक्षक, घरची प्रार्थना व छापील अक्षर यांवर भिस्त होती. १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग, जे पुढें पुण्याचे बिशप झाले, यांनीं 'निरोप्या' हें मराठी मासिक सुरू केलें. येशूच्या पवित्र हृदयाची भक्ति घरोघर नेणाऱ्या मासिकांच्या कुळांतलें तें आहे.

या कुळाचें मूळ पाहिलें असतां पुनः आपल्या विषयाशींच गांठ पडते. फ्रान्समधील व्हाल्स येथें १८४४ सालीं येशूसंघाचे तरुण विद्यार्थी हिंदुस्थानांतील मदुरा मिशनसारख्या दूरच्या मिशनांत जाण्यास इतके उतावीळ झाले होते कीं, त्यांचें अभ्यासांत चित्त लागेना. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाच्या दिवशीं, ३ डिसेंबर रोजीं, त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर गोत्रले यांनीं त्यांना सांगितलें कीं, आजचा अभ्यास, आजचें काम, आजचा त्रास हेंच सकाळीं उठल्याबरोबर देवाला अर्पण करा. मग तुमचा सारा दिवसच प्रार्थना होईल. यांतून 'प्रार्थनेचें प्रेषितकार्य' ही चळवळ जगभर पसरली, व सकाळच्या समर्पणाची ती प्रार्थना आली, जी आपल्यापैकीं पुष्कळांनीं पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळीं पाठ केली आहे. ती म्हणण्यास एक मिनिटही लागत नाहीं. म्हैस पिळण्यास बसण्यापूर्वीं, दुधाची बरणी घेऊन डेअरीकडे निघतांना, किंवा पहांटेच्या पाळीला जाण्यासाठीं गाडीला लाथ मारण्यापूर्वीं ती म्हणतां येते.

वळिवड्याची छावणी

आतां आपल्या दारांतील गोष्ट. कोल्हापुराहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहरापासून थोड्याच अंतरावर, वळिवडें हें गांव आहे. महायुद्ध चालू असतांना १९४३ सालीं तेव्हांच्या कोल्हापूर संस्थानांतील या गांवाजवळ पोलिश निर्वासितांची छावणी वसली. सुमारें पांच हजार माणसें तेथें राहिलीं, व त्यांतील बहुतेक स्त्रिया, मुलें व वृद्ध होते.

ते येथवर कसे आले? १९४० च्या फेब्रुवारीपासून सोव्हिएट सरकारनें पूर्व पोलंडमधील लाखों लोकांना घरांतून उठवून मालगाड्यांत भरलें व सैबेरिया, कझाकस्तान इत्यादि प्रदेशांत नेऊन टाकलें. १९४१ च्या जुलै महिन्यांतील करारानें त्यांची सुटका झाली. १९४२ मध्यें जनरल आंदर्स यांच्या सैन्याबरोबर कित्येक कुटुंबें इराणांत उतरलीं, व तेथून कांहीं हिंदुस्थानांत आलीं. जामनगरजवळ बालाचडी येथें जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं मुलांना आश्रय दिला. कोल्हापूरच्या भूमीनें वळिवड्यास कुटुंबांना दिला. छावणींत शाळा होत्या, रुग्णालय होतें, बालवीरांचीं पथकें होतीं आणि मंदिरही होतें. घरोघरच्या चुली मात्र वेगळ्या होत्या. धनी सैन्यांत, १९४४ च्या मे महिन्यांत इटलींत मोंते कासिनोच्या डोंगरावर पोलिश पलटणी लढल्या, त्यांत येथल्या कितीकांचीं माणसें असतील. बाई एकटी, मुलें सांभाळावयाचीं, स्वयंपाक रांधावयाचा, परक्या हवेंत आजारपण काढावयाचें आणि रणांगणावरून येणाऱ्या पत्राची वाट पाहावयाची. वेळ नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार जर कोणाला असेल, तर तो या मातांना होता.

पोलिश लोकांच्या रीती आम्हीं थोड्या अभ्यासिल्या आहेत. मे महिन्यांत संध्याकाळीं वाटेवरच्या क्रुसापाशीं अथवा मरियेच्या मूर्तीपाशीं जमून लोरेतोची लितानी म्हणावयाची, ही त्यांची प्रिय चाल. हीच लितानी, जिला १५८७ सालीं पोप पांचवे सिक्स्टस यांनीं मान्यता दिली, आपल्या गोमंतकीय कुटुंबांत गांवच्या क्रुसापाशीं 'लादाइन्य' म्हणून गाइली जाते. भाषा दोन, देश दोन, पण मरियेला मारलेल्या हांका त्याच. नाताळच्या आदल्या दिवशीं पहिला तारा दिसला कीं कुटुंबानें मेजाभोंवतीं जमावें, एक पातळ पांढरी पोळी घेऊन प्रत्येकानें दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडावा व एकमेकांना शुभ चिंतावें, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठीं मेजावर एक जागा रिकामी ठेवावी, ही त्यांची दुसरी रीत. वळिवड्यास त्या रिकाम्या जागेकडे पाहून कोणाकोणाची आठवण निघाली असेल, त्याचा विचार आपणच करावा.

या दोन्ही रीतींत एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. संध्याकाळ होणारच असते, जेवण करावयाचेंच असतें. प्रार्थनेसाठीं निराळा दिवस त्यांनीं उभारला नाहीं. आहे त्याच दिवसाला प्रार्थना बांधिली. म्हणूनच घर गेलें, देश गेला, तरी ती बरोबर आली.

१९४५ सालीं याल्टा येथील वाटाघाटींनीं पूर्व पोलंड सोव्हिएट हद्दींत राहिला, व या लोकांपैकीं बहुतेकांना मूळ गांवीं परतणें अशक्य झालें. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. पुढें फाळणीनें बेघर झालेले सिंधी बांधव तेथें येऊन राहिले व आजचें गांधीनगर वसलें. जे पोलिश लोक येथेंच देवाघरीं गेले, त्यांचीं थडगीं कोल्हापुरांत आहेत. महावीर उद्यानांत त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, व २०१९ च्या सप्टेंबर महिन्यांत वळिवड्यासही स्तंभ उभारला गेला. मुलांना घेऊन बाजारास जाल तेव्हां तो त्यांना अवश्य दाखवा, व त्या परक्या मातांसाठीं एक 'नमो मरिया' म्हणा.

ख्रिस्तसभेची वाणी व आमची चूक

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें १९६४ सालीं ख्रिस्तसभेविषयींच्या आपल्या ग्रंथांत कुटुंबाला 'घरगुती ख्रिस्तसभा' म्हटलें, व आईबाप हे मुलांना श्रद्धेची पहिली ओळख करून देणारे आहेत असें सांगितलें. पोप सहावे पॉल यांनीं १९७४ सालीं कुटुंबांतील रोजरीची शिफारस केली. संत दुसरे जॉन पॉल यांनीं १९८१ सालीं कुटुंबाविषयींच्या पत्रांत आईबापांना कळकळीनें विचारिलें कीं, तुम्ही आपल्या मुलांना प्रार्थना शिकवितां काय, त्यांच्याबरोबर प्रार्थना करितां काय. पोप फ्रान्सिस यांनीं २०१६ सालीं लिहिलें कीं, दररोज कांहीं मिनिटें काढून कुटुंबानें जिवंत देवापुढें एकत्र यावें, आपल्या काळज्या त्याला सांगाव्या व साध्या शब्दांत त्याचे आभार मानावे. कांहीं मिनिटें, असेंच ते म्हणतात.

हें वाचतांना आम्हांला आमची चूक दिसली. प्रार्थनेचें एक पूर्ण व सुंदर चित्र त्या बाईपुढें ठेवून तें जमत नसेल तर कांहींच नाहीं, असा त्याचा अर्थ आम्हीं तिला होऊं दिला. आमच्यासारख्या माणसाचा दिवस घंटेनें आंखलेला असतो. सेमिनरींत असतांना तर प्रार्थनेच्या वेळीं दुसरें कांहीं करण्याची मुभाच नव्हती. तो दिवस आम्हीं नकळत तिच्या चुलीपाशीं नेऊन ठेविला. ती मात्र, कोणीं न शिकवितां, शेतकऱ्याच्या व दासाच्या त्या प्राचीन परिपाठालाच धरून होती.

कोणी म्हणेल, हें शैथिल्याला उत्तेजन नव्हे काय? तसें नाहीं. रविवारचें मिस्साबलिदान घरच्या प्रार्थनेनें चुकवितां येत नाहीं; आणि ज्याला सवड आहे त्यानें पूर्ण रोजरी गुडघे टेकून म्हणावी, यासारखें दुसरें सुंदर कांहीं नाहीं. पण थोडकेपणा वेगळा व अनियमितपणा वेगळा. इतिहासांत जी प्रार्थना टिकली ती पुष्कळदां थोडकी होती, पण नेमाची होती. आणि तीं तीन मिनिटें देवाचीं असलीं पाहिजेत. हातांत भाकरी असली तर चालेल, पण दुसऱ्या हातांत मोबाइल चालणार नाहीं.

या ज्युबिलीच्या वर्षीं

तेव्हां आमची सर्व कुटुंबांना तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, नवा वेळ शोधूं नका. जो क्षण घरांत रोज येतोच, दिवा लावण्याचा, ताटावर बसण्याचा, मुलांना निजविण्याचा, त्याला एक प्रार्थना बांधा. दुसरी, ती इतकी लहान ठेवा कीं थकलेल्या दिवशींही मोडणार नाहीं. एक दशक रोजरी, नाहीं तर तीन 'नमो मरिया', तेंही नाहीं तर सकाळचें समर्पण. तिसरी, सर्वजण जमण्याची वाट पाहूं नका. कूडांतल्या खलाशांप्रमाणें जो हजर असेल त्यानें म्हणावी, व जो नसेल त्याचें नांव घ्यावें. रात्रपाळीला गेलेल्या बापानें सुटींत घरीं फोन करून लेंकरांबरोबर क्रुसाची खूण केली, तरी ती घरचीच प्रार्थना होय. आणि रोजरी संपल्यावर वडिलांनीं मुलांच्या मस्तकावर हात ठेवण्याची जुनी रीत जेथें मोडली असेल, तेथें ती पुनः सुरू करावी. तिला तर वेळही लागत नाहीं.

त्या माउलीच्या घरीं आम्ही यंदा पुनः गेलों. सासू आतां देवाघरीं गेली आहे. मुलगी नर्सिंगचें शिक्षण घेते. आम्हीं त्या बाईला सांगितलें कीं, त्या दिवशीं तुझें कांहीं चुकलें नव्हतें, चूक आमची होती. ती हंसली व म्हणाली, "आत्या जातानाबी उत्तर देत हुत्या फादर. 'आमच्या मरणाच्या वेळी' हितपतूर म्हटलं त्यांनी." कोल्हापुरांत भाकरीच्या चुलीपाशीं जी प्रार्थना रोज चालली, ती त्या म्हातारीला शेवटच्या घटकेस अचूक आठवली. तिच्या मृत्यूची नोंद आमच्या वहींत आहे. तिच्या प्रार्थनेची कोठेंच नाहीं, म्हणून ती येथें केली.

प्रभु येशू ख्रिस्त, त्याची परमपवित्र माता व नाझरेथच्या घराचा रक्षक संत जोसेफ आपल्या सर्व घरांवर कृपादृष्टि ठेवोत. आमेन.